प्लांट बंद होतोय, सरकार म्हणतंय नवीन कंपनी आणू. खरंच येतात का हो अशा कंपन्या?

दुपारची_चक्कर

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या दिरांचा प्लांट बंद होतोय. बावीस वर्षं तिथे आहेत, मेंटेनन्सला. कंपनीचं नाव, गाव लिहीत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने फरकही पडत नाही कारण अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी कुठून ना कुठून येतेच. गेटवर नोटीस लागली आणि त्याच आठवड्यात मंत्र्यांचं स्टेटमेंट, की घाबरू नका, नवीन गुंतवणूकदारांशी बोलणी चालू आहेत, करात सूट देऊ, जमीन देऊ, वीज स्वस्त देऊ, होत्या त्याच्या दुप्पट नोकऱ्या येतील. झालं, घरात दोन पार्ट्या. सासरे म्हणतात थांबा, सरकार असं वाऱ्यावर सोडत नाही, वर्षभरात काहीतरी येईलच. जाऊबाई म्हणतात मिळेल ती नोकरी धरा आणि इथून निघा. भाऊजी गप्प. गॅलरीत बसून असतात.

मला एवढंच कळून घ्यायचंय की जगात कुठे असं झालंय का, की मोठा कारखाना गेला आणि सरकारने सवलती देऊन दुसरा आणला आणि त्या भागाचं भलं झालं? आणि आणला तर जुन्या माणसांना त्यात घेतात का? राजकारण नको प्लीज, कुठला पक्ष काय म्हणाला त्यात मला रस नाही. आणि जरा सोपं करून लिहा, माझं अर्थशास्त्र बारावी कॉमर्सला संपलं.

---

फीतकापू

ताई, थोडक्यात उत्तर: फोटो नक्की येतो, कंपनीचं सांगता येत नाही.

आता लांब उत्तर. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात २०१७ साली फॉक्सकॉन या तैवानच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने जाहीर केलं की माउंट प्लेझंट नावाच्या गावात एलसीडी पॅनलचा कारखाना टाकणार, १० अब्ज डॉलर गुंतवणूक, १३,००० नोकऱ्या. राज्याने जवळजवळ ३ अब्ज डॉलरच्या सवलती कबूल केल्या, स्थानिक संस्थांच्या वेगळ्या. म्हणजे हिशोब करा, एका नोकरीमागे दोन लाख डॉलरच्या वर. २०१८ च्या जूनमध्ये भूमिपूजन, त्याला खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प हजर, हातात सोनेरी फावडं. गावाने जमिनी घेतल्या, घरं पाडली, कर्ज काढून रस्ते आणि पाण्याच्या लाइनी टाकल्या. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये करार गुपचूप बसून नव्याने लिहिला, नोकऱ्या १,४५४ आणि गुंतवणूक ६७ कोटी डॉलर. १३,००० चे १,४५४! नंतर त्यातली बरीचशी जमीन मायक्रोसॉफ्टने घेतली डेटा सेंटरसाठी, आणि डेटा सेंटर म्हणजे बांधताना माणसंच माणसं, चालू झालं की एवढ्या मोठ्या इमारतीत मोजकी टाळकी आणि बाकी पंखे.

माझं नाव उगाच फीतकापू नाही. सासऱ्यांना दाखवा हे.

---

सेवानिवृत्त_फाईल

फीतकापूंचं उदाहरण खरं आहे पण अर्धंच सांगितलं. राज्याच्या सवलती नोकऱ्या प्रत्यक्ष झाल्यावर मिळायच्या होत्या, त्यामुळे राज्याचे ते ३ अब्ज काही गेले नाहीत, नव्या करारात ते ८ कोटी डॉलरवर आले. मार बसला तो आधीच खर्च करून बसलेल्या गावाला. हा फरक महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे येतो.

मी सरकारच्या याच खात्यात आयुष्य काढलंय, गुंतवणूकदारांना साइट दाखवत फिरणे हेच काम, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला झुकणार हे आधीच सांगतो. बाहेरून असं वाटतं की मंत्री कंपनीला म्हणतो इतकी सूट घे आणि कंपनी येते. असं नसतं हो. कंपनी आधी पंधरा-वीस जागांची यादी काढते. मग गाळत जाते. जमीन मोकळी आहे का, की तिच्यावर कोर्टकेस आहेत. सबस्टेशन किती लांब. पाणी. बंदर किंवा रेल्वे. पन्नास किलोमीटरात असलं काम केलेली माणसं मिळतील का. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, काम चालू करायला किती महिने लागतील. शेवटी दोन-तीन जागा उरतात तेव्हा कुठे सवलतीचा विषय निघतो. टिमथी बार्टिक नावाचे अमेरिकन अर्थतज्ज्ञ आहेत, सगळी उमर याच विषयात गेली, त्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये अंदाज मांडला की सवलतीमुळेच निर्णय बदलला असं शंभरातल्या २ ते २५ केसेसमध्येच असतं. बाकीच्या निदान ७५ तशाही आल्या असत्या. आता माझी अडचण अशी की त्या ७५ कोणत्या हे टेबलाच्या अलीकडून कधीच दिसत नाही. समोरचा प्रत्येक जण सांगतो की दुसरं राज्य आम्हाला जास्त देतंय.

पण यश मिळालेलं नाही असं नाही. इंग्लंडात संडरलंड, जहाज बांधणीचं शहर. गोद्या एकामागोमाग बंद पडत होत्या, शेवटच्या १९८८ च्या सुमाराला गेल्या. त्याआधी, १९८४ मध्ये, सरकारने निस्सानशी करार केला होता, जुन्या विमानतळाची सपाट जमीन दिली, अनुदान दिलं, १९८६ ला गाड्या बाहेर पडायला लागल्या. तो प्लांट आजही चालतोय, हजारो माणसं आत आणि भोवती पार्ट पुरवणाऱ्यांची वेगळी. आता यात एक गोष्ट बघा, जुनं पूर्ण बंद पडायच्या आधी नवं जमिनीवर उभं होतं. नोटीस लागल्यावर फोन फिरवायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो.

दुसरं, साउथ कॅरोलायनातलं स्पार्टनबर्ग. कापड गिरण्यांचा पट्टा. १९९२ ला बीएमडब्ल्यूने जागा जाहीर केली, १९९४ ला गाड्या सुरू. सगळे म्हणतात सवलती दिल्या म्हणून आली. दिल्याच होत्या. पण तिथे गिरण्यांना मशिनरी पुरवणाऱ्या जर्मन आणि स्विस कंपन्या साठ-सत्तरच्या दशकापासून येऊन बसलेल्या होत्या, जर्मन बोलणारे लोक गावात होते, आणि राज्याने १९६१ पासून तंत्रशिक्षणाची अशी व्यवस्था उभी केली होती की येणाऱ्या कंपनीला हवी तशी माणसं ट्रेनिंग देऊन तयार मिळतील. म्हणजे गिरण्या मेल्या पण मरताना काहीतरी मागे ठेवून गेल्या.

---

मोडीवाचक

वाचतोय. धागा चांगला आहे, नेहमीसारखा भरकटवू नका ही विनंती.

---

फीतकापू

फाईलसाहेब, मान्य, संडरलंड झालं. पण तुमच्या खात्याने पळवापळवी हा शब्द कधी ऐकलाय का? कारण नवीन कंपनी 'आली' म्हणजे बऱ्याचदा कुठूनतरी 'गेली' असते. तुमची फीत कापली जाते त्याच दिवशी दुसऱ्या कुणाच्या तरी गेटवर नोटीस लागलेली असते.

जर्मनीत बोखुम. कोळशाचा धंदा बसल्यावर जे जे आणलं त्यात नोकियाचा मोबाइलचा प्लांट, त्याला सरकारने सुमारे ८.८ कोटी युरो अनुदान दिलेलं. जानेवारी २००८ मध्ये नोकियाने सांगितलं की बंद करतोय, २,३०० लोक घरी, काम रुमानियात क्लुजजवळ जुकू नावाच्या गावी नेतोय कारण तिथे मजुरी स्वस्त. जर्मनीत इतका संताप झाला की अर्थमंत्री 'कारवां भांडवलशाही' म्हणाले, तंबू ठोकायचा, गवत संपलं की उंट हाकायचे. आणि मजा पुढे आहे, जुकूचं काय झालं? २०११ मध्ये नोकियाने तोही बंद करायचं जाहीर केलं. साडेतीन वर्षं!

आयर्लंडात लिमरिक, डेल ही कॉम्प्युटर कंपनी. जानेवारी २००९, १,९०० नोकऱ्या पोलंडला वुजला हलवल्या, पोलंडने त्यासाठी ५.४५ कोटी युरो मदत दिली आणि युरोपियन युनियनच्या कमिशनने ती मंजूरही केली. त्याच युरोपियन युनियनने मग लिमरिकच्या लोकांना सावरायला वेगळ्या फंडातून पैसे दिले. एका खिशातून नोकरी हलवायला परवानगी आणि दुसऱ्या खिशातून मलम.

आणि सगळ्यात भारी म्हणजे कॅन्सस सिटी. हे एकच शहर दोन राज्यांत पसरलंय, मधे एक रस्ता. वर्षानुवर्षं कंपन्या त्या रस्त्याच्या अलीकडून पलीकडे ऑफिस हलवत होत्या आणि प्रत्येक वेळी 'नवीन नोकऱ्या' म्हणून करमाफी घेत होत्या. तीच माणसं, तीच खुर्ची, त्याच घरातून कामाला जाणार, फक्त गाडी वेगळ्या बाजूला वळवायची. शेवटी २०१९ ला दोन्ही राज्यांनी तह केला की आता एकमेकांच्या कंपन्या ओढायच्या नाहीत.

---

सेवानिवृत्त_फाईल

तह हा शब्द आवडला.

पण जुकूची गोष्ट तिथे संपत नाही, तुम्ही नेहमी वाईट जागी थांबता. नोकिया गेली, शेड तशीच राहिली, रस्ता राहिला, वीज राहिली. त्याच शेडमध्ये इटलीची देलोंगी कंपनी आली, त्याच औद्योगिक पार्कात बॉशने प्लांट टाकला. लिमरिकमध्ये डेलची जी इमारत रिकामी झाली ती काही वर्षांनी रिजेनरॉन या औषध कंपनीने घेतली आणि तिथे आज मोठं काम चालतं. माझं म्हणणं एवढंच की कंपनीच्या हातात दिलेला पैसा कंपनीबरोबर जातो, जमिनीत घातलेला तिथेच राहतो. आम्ही आतल्या मीटिंगमध्ये हेच ओरडायचो, पण सबस्टेशनच्या उद्घाटनाला कॅमेरे येत नाहीत.

---

टूलरूम

वर सगळं राज्य आणि देश चाललंय, मला भाऊजींबद्दल बोलायचंय.

माझा प्लांट बंद झाला तेव्हा मी ४३ चा होतो. टूल अँड डाय, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवायचं काम. नाव नको. आमच्याकडेही हेच, नवीन कंपनी येतेय, बोलणी अंतिम टप्प्यात. मी चौदा महिने थांबलो. त्या चौदा महिन्यांत काय होतं ते सांगतो. पहिले तीन महिने माणूस सुट्टीसारखा असतो, हिशोबाचे पैसे आलेले असतात, घराचं राहिलेलं काम काढतो. मग गेटवर जुन्या मित्रांना भेटायला जातो. मग ते पण यायचे बंद होतात कारण चांगले होते ते निघून गेले, आणि मागे राहिले त्यांच्याबद्दल बाहेर आपोआप असं ठरतं की हे राहिलेले आहेत. हे कोणी बोलत नाही पण इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तोच, मधल्या काळात काय करत होता.

नवीन कंपनी आली बरं का. खोटं नाही बोलणार. तिसऱ्या वर्षी आली. भरती निघाली तेव्हा वयाची अट लिहिलेली नव्हती, पण घेतली सगळी पंचविशीच्या आतली मुलं, तीही बरीचशी कॉन्ट्रॅक्टवर. त्यांचं म्हणणं जुन्या माणसांना जुन्या सवयी असतात, आणि जुनी युनियन आठवत असते. फाईलसाहेबांनी संडरलंडचं लिहिलं ते मी पण वाचलंय, तिथेही हजारोंनी अर्ज आले, पारखून घेतले, तरुण मुलं घेतली. गोदीतला पन्नाशीचा वेल्डर गाड्यांच्या लाइनवर गेला असं फार झालं नाही. लिमरिकचं पण तेच, कॉम्प्युटर जोडणारा माणूस औषधाच्या बायोटेकमध्ये काय करणार? नोकरी 'त्या भागाला' परत मिळते, 'त्या माणसाला' नाही. पेपरात आकडा भागाचा येतो.

मी सटकलो तेव्हा पगार कमी घेऊन सटकलो. नंतर कळलं की हे माझं एकट्याचं नशीब नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जेकबसन, लालोंड आणि सलिव्हन या तिघांनी अभ्यास केला होता, १९९३ ला छापला, एका कंपनीत बरीच वर्षं काढलेल्या आणि ले-ऑफमध्ये गेलेल्या कामगारांचा. पाच-सहा वर्षांनंतरसुद्धा त्यांची कमाई आधी झाली असती त्याच्यापेक्षा पंचवीस टक्के खालीच होती. इंग्लंडात २००५ ला एमजी रोव्हरचा लाँगब्रिज प्लांट बुडाला, हजारो लोक, त्यातल्या बहुतेकांना काम मिळालं, पण बऱ्याच जणांना कमी पगारावर. बेकारीच्या आकड्यात हे लोक दिसतच नाहीत कारण नोकरी आहे ना. बावीस वर्षांत माणूस त्या एका मशीनचा आवाज ओळखायला शिकतो, कुठला बेअरिंग बोलतोय ते लांबून सांगतो, आणि त्या आवाजाला बाहेर गिऱ्हाईक नसतं.

म्हणून मी जाऊबाईंच्या पार्टीत. पण एक सांगू, निघणं पण फुकट नसतं. घर विकायला काढायचं तर पूर्ण गाव तेव्हाच विकायला काढतं.

---

ओसरी

टूलरूमदादा, तुमची शेवटची ओळ वाचून थांबले. निघणं सोपं नसतं हा मुद्दा आकडेवारीवाले पण मानतात. चीनमधून स्वस्त माल यायला लागल्यावर अमेरिकेतल्या ज्या भागांत कारखाने बंद झाले त्यावर ऑटर, डॉर्न, हॅन्सन यांचं काम आहे, २०१३ चं. आधी पुस्तकात असं लिहिलेलं असायचं की नोकऱ्या गेल्या की लोक दुसरीकडे जातात आणि सगळं समान पातळीवर येतं, पाण्यासारखं. प्रत्यक्षात लोक फारसे गेलेच नाहीत आणि त्या भागांतली मंदी वर्षानुवर्षं तशीच राहिली. घर, म्हातारे आईवडील, बायकोची नोकरी, मुलांची शाळा. माणूस काही पाणी नाही.

मला वेळेबद्दल लिहायचंय. ताईंचे सासरे म्हणतात वर्षभरात येईल. स्वीडनमधल्या माल्मोचं बघू. कोकुम्स नावाची अवाढव्य गोदी. १९८६ मध्ये ठरलं की नागरी जहाजं बांधणं बंद. सरकारने काय केलं, सवलती देऊन त्याच जागी साबचा कारचा कारखाना आणला, १९८९ ला सुरू, १९९१ ला बंद. म्हणजे फीतकापूंच्या संग्रहात घालण्यासारखं. त्यानंतर शहर अक्षरशः रिकामं पडलं, ९० च्या दशकात बेकारी भयंकर. मग १९९८ ला विद्यापीठ काढलं गोदीच्या परिसरात, २००० साली कोपनहेगनला जोडणारा पूल झाला आणि हळूहळू वेगळंच शहर उभं राहिलं. गोदीची ती उंच क्रेन, शहराच्या सगळ्या फोटोंत असायची, ती २००२ मध्ये उतरवून कोरियात उल्सानला गेली, ह्युंदाईने एका डॉलरला घेतली म्हणतात. लोक किनाऱ्यावर उभे राहून रडले. तर १९८६ ते २००२, सोळा वर्षं. तेव्हा चाळिशीत असलेला वेल्डर विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पन्नाशी ओलांडून गेला होता. त्याच्या मुलीला फायदा झाला असेल, त्याला नाही.

बोखुमचं वर आलंच आहे. त्या रूर भागात कोळशाला एवढी माणसं होती की १९५७ च्या आसपास पश्चिम जर्मनीत खाणीत सहा लाखांच्या घरात लोक होते, आणि गंमत म्हणजे १९६५ पर्यंत त्या भागात विद्यापीठच नव्हतं, कारण गरजच काय, मुलगा बापामागून खाणीत उतरणार. शेवटची खाण बंद झाली २०१८ च्या डिसेंबरमध्ये. साठ वर्षं लावली त्यांनी बंद करायला! प्रचंड पैसा ओतला, त्यावर टीका पण झाली, पण एकाही खाणकामगाराला एका दिवशी रस्त्यावर फेकायचं नाही हे ठरवून केलं. वय झालेल्यांना लवकर निवृत्ती, तरुणांना दुसऱ्या खाणीत किंवा ट्रेनिंगला. आणि मधल्या काळात बोखुमला जुन्या खाणीच्या जमिनीवर १९६२ मध्ये ओपेलचा कार प्लांट आणला, तो २०१४ ला बंद झाला. ती जमीन आता पार्सलचं केंद्र, विद्यापीठाच्या संस्था, छोट्या कंपन्या अशी तुकड्या-तुकड्यांत भरतेय. एकच मोठी कंपनी आणून भोक बुजवायचं हा नाद त्यांनी दोनदा पोळल्यावर सोडला.

(अवांतर: क्रेन जिकडे गेली त्या कोरियातही नंतर तेच. गुनसान शहरात २०१७ ला ह्युंदाईची गोदी थांबली आणि २०१८ च्या मे मध्ये जीएमचा (जनरल मोटर्स) कार प्लांट बंद. एक वर्ष पण नाही दोन्हींमध्ये. गोदी २०२२ ला थोडी सुरू झाली.)

---

फीतकापू

ओसरीताई, साबचं मला माहीत नव्हतं. संग्रहात घेतलं.

---

दुपारची_चक्कर

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री सासऱ्यांना वाचून दाखवलं, संडरलंड आलं तेव्हा म्हणाले बघ, मी काय म्हणत होतो, आणि टूलरूमदादांचं आलं तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवला.

आता एक प्रश्न. पुढच्या आठवड्यात सरकारी अधिकारी कामगारांची मीटिंग घेणार आहेत, नवीन गुंतवणुकीबद्दल 'माहिती' द्यायला. भाऊजी जाणार नाही म्हणतायत, मी म्हणते जा आणि प्रश्न विचारा. काय विचारायचं?

---

सेवानिवृत्त_फाईल

जाच म्हणावं. खुर्चीच्या पलीकडून सांगतो कुठल्या प्रश्नाला आम्हाला घाम फुटायचा.

किती नोकऱ्या येणार हे विचारू नका. तो आकडा आमच्या खिशात तयार असतो आणि त्याला काही अर्थ नसतो, त्यात बांधकामाचे मजूर, पुरवठादारांचे लोक, 'अप्रत्यक्ष' म्हणून आजूबाजूची दुकानं, सगळं पकडलेलं असतं. अप्रत्यक्ष हा प्रकार खोटा नाही, एन्रिको मोरेट्टींचा अभ्यास आहे की कारखान्यातल्या एका नोकरीमागे त्या भागात आणखी दीड-एक उभी राहते, पण आमच्या प्रेस नोटमध्ये ते दीडचे पाच व्हायचे. विचारायचं हे, की कंपनीच्या पगारपत्रकावर किती, कॉन्ट्रॅक्टवर किती, आणि पहिल्या वर्षाअखेर किती.

मग विचारा, नाही झाल्या तर? दिलेली सूट परत घेण्याचं कलम आहे का आणि ते कधी कोणावर वापरलंय का. कलम बहुतेक ठिकाणी असतं हो, वापरायची हिंमत नसते, कारण वापरलं तर उरलीसुरली कंपनी पण जाईल ही भीती. ओहायोत जीएमने लॉर्ड्सटाउनचा प्लांट २०१९ ला बंद केला, त्या प्लांटसाठी राज्याकडून ६ कोटी डॉलरच्या वर करसवलत घेतलेली होती, नोकऱ्या ठेवण्याच्या अटीवर. राज्याने २०२० मध्ये त्यातले २.८ कोटी परत करायला लावले आणि शिवाय १.२ कोटी त्याच भागात खर्च करायला सांगितलं. पूर्ण नाही पण वसुली झाली. युरोपात नियमच आहे की अशी प्रादेशिक मदत घेतली तर मोठ्या कंपनीने ५ वर्षं ती गुंतवणूक तिथून हलवायची नाही. ५ वर्षं कमीच आहेत असं माझं मत, पण निदान लिहिलेलं आहे.

आणि तिसरा प्रश्न, हा नक्की विचारा: आत्ताच्या माणसांची यादी, कोणाला काय येतं, ही सरकारने केली आहे का? आमच्या वेळी कधीच नसायची. जमिनीचा सातबारा तोंडपाठ असायचा आणि माणसांचा काही पत्ता नाही.

---

फीतकापू

लॉर्ड्सटाउनचं पुढचं मी सांगतो, मला राहवत नाही. तो रिकामा प्लांट एका नव्या इलेक्ट्रिक ट्रक कंपनीने घेतला, मोठा गाजावाजा, पुन्हा फोटो, आणि २०२३ ला दिवाळं. आता फाईलसाहेब ओरडायच्या आत हेही लिहितो की शेजारीच जीएम आणि एलजीचा बॅटरीचा कारखाना २०२२ ला सुरू झाला. पण मधल्या तीन वर्षांत जुने कामगार कंपनीने दिलेल्या बदल्यांवर दुसऱ्या राज्यांत गेले, कोणी बायकामुलं मागे ठेवून गेले. आणि हे त्याच भागात, जिथे शेजारच्या यंग्सटाउनमध्ये १९ सप्टेंबर १९७७ ला स्टीलची गिरणी बंद करायची घोषणा झाली आणि ५,००० नोकऱ्या एका सोमवारात गेल्या, अजून 'काळा सोमवार' म्हणतात त्याला. चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा तेच.

---

टूलरूम

ताई, मीटिंगचं फाईलसाहेबांनी चांगलं सांगितलं. मी मीटिंगच्या आधीचं सांगतो, कारण ते जास्त अर्जंट आहे.

एचआर ऑफिस अजून उघडं आहे तोवर भाऊजींना अनुभवाचा दाखला घ्यायला लावा. नुसता 'मेंटेनन्स विभागात इतकी वर्षं काम केलं' असा नको, त्याला बाहेर कोणी विचारत नाही. कुठली मशीन, कुठल्या मेकची, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) कुठला हाताळला, हायड्रॉलिक, न्यूमॅटिक, काय काय दुरुस्त करता येतं, शटडाउनला किती माणसांची टीम सांभाळली, सगळं लिहून घ्या आणि सही शिक्का. मसुदा स्वतःच करून न्या, ते नुसती सही करतात, त्यांनाही घाई असते. मला हे कोणी सांगितलं नाही. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा ऑफिसला कुलूप, आणि ज्या साहेबाने सही करायची तो दुसऱ्या देशात. वीस वर्षांचा अनुभव आणि कागदावर मी आयटीआय पास, बस.

आणि मेंटेनन्सवाल्याला एक सोय आहे जी आम्हा टूलरूमवाल्यांना नव्हती. औषध कंपनी असो, गोदाम असो, डेटा सेंटर असो, पंप आणि मोटर सगळीकडे बिघडते. सासऱ्यांचं आणि जाऊबाईंचं दोघांचं ऐका, घर इथेच ठेवा आणि अर्ज बाहेर टाका. पण थांबायचं तर नुसतं थांबू नका, मी केलं तसं.

---

ओसरी

+१ दाखल्याला. ज्या देशांनी हे जरा बरं हाताळलं तिथे प्लांट बंद व्हायच्या आधीच कामगारांचं कौशल्य तपासून सर्टिफिकेट देण्याची सोय प्लांटच्या आतच केली होती, कारण घरी गेलेला माणूस पुन्हा ऑफिसात फिरकत नाही, लाजेने म्हणा, रागाने म्हणा. मीटिंगमध्ये हे पण मागता येईल.

---

दुपारची_चक्कर

आज भाऊजींनी स्वतः मोबाइल मागून पूर्ण धागा वाचला. काही बोलले नाहीत पण मग कपाटातून फाईल काढून बसलेत. मीटिंगला जातायत, तीनही प्रश्न माझ्याकडून कागदावर लिहून घेतले.

त्यांनी टूलरूमदादांना विचारायला सांगितलंय की मशीनची मॅन्युअलं आणि त्यांच्या स्वतःच्या ब्रेकडाउनच्या वह्या, अठरा-एकोणीस वह्या आहेत म्हणे लॉकरमध्ये, त्या घरी आणता येतात का.

---

टूलरूम

मॅन्युअल कंपनीचं, त्याला हात लावू नका. ब्रेकडाउनच्या वह्या स्वतःच्या अक्षरातल्या असतील, कुठला आवाज आला आणि काय सापडलं असल्या, तर साहेबाला दाखवून, गेटपासवर लिहून घेऊन आणा. आत कंपनीची ड्रॉइंगं चिकटवलेली असतील तर ती पानं तिथेच काढून ठेवा. आणि उद्याच आणा, लॉकर रूम सगळ्यात आधी रिकामी करतात.